पिशवी काढली, रिपोर्ट घेतलात का?

आपल्याकडे 'पित्त' हा शब्द फार स्वस्त झालाय. डोकं दुखलं की पित्त, उपास घडला की पित्त, जागरण झालं की पित्त. मग कोकमाचं सरबत घ्यायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्याकडे गेली, तरी आमच्या दाभोळच्या बायका वर्ष-दोन वर्षं 'पित्तच असेल' म्हणत काढतात. शेवटी दापोलीला जाऊन सोनोग्राफी होते, तेव्हा कळतं की पित्ताशयाच्या पिशवीत खडे आहेत.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. बाळंतपणं, हार्मोन्स, वाढलेलं वजन ही त्याची कारणं. मुतखड्यासारखे हे खडे भरपूर पाणी पिऊन पडून जात नाहीत. ते दुखायला लागले की पिशवीच काढावी लागते. आता दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, दोन-तीन दिवसांत बाई घरी येते. त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल.

ऑपरेशन झालं की नातेवाइकांना बोलावून खडे दाखवतात. काही जण ते बाटलीत घालून घरी आणतात. कपबशांच्या कपाटात ठेवलेले खडेसुद्धा मी पाहिलेत! येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात. पण ज्या पिशवीत ते होते, ती पिशवी कुठे गेली हे कुणी विचारत नाही. खरं तर महत्त्वाची तीच. ती फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवी. तिथे तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

कशासाठी? तर, क्वचित एखादीच्या पिशवीत कॅन्सर निघतो. ऑपरेशनच्या आधी कुणाला शंकाही आलेली नसते. वर्षानुवर्षं खडे घासून पिशवीला सूज येते, भिंत जाड होते. सोनोग्राफीत ही सूज आणि सुरुवातीचा कॅन्सर पुष्कळदा सारखेच दिसतात. प्रमाण अगदी थोडं आहे. वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत दर १००० ऑपरेशनांमागे साधारण २ ते ३० असे आकडे येतात. आपल्या देशात हा कॅन्सर गंगेकाठी, उत्तर प्रदेश-बिहारकडे जास्त आणि बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक. आपल्या कोकणात तो कमी. पण मला वाटतं, कमी आहे म्हणूनच इथे कुणाच्या डोक्यात तो येत नाही.

आता यात जमेची बाजू बघा. कॅन्सर आतल्या अस्तरापुरताच असेल, तर पिशवी काढली तेव्हाच बहुधा उपचार पुरा झालेला असतो. तो स्नायूच्या थरात किंवा त्याच्या पुढे गेला असेल, तर मात्र पुन्हा ऑपरेशन लागतं. पिशवी यकृताला चिकटलेली असते. म्हणून यकृताचा तेवढा तुकडा आणि आजूबाजूच्या गाठी काढतात. त्याआधी सीटी स्कॅन करून तो कुठे पसरला नाही ना, हे पाहतात. काहींना नंतर केमोथेरपी देतात. हे सगळं पहिल्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांत व्हावं लागतं. कावीळ होऊन, वजन उतरून मग कळलं, तर हातात फार थोडं उरतं.

आणि नेमका इथेच आपला गोंधळ होतो. आपल्याकडच्या कितीतरी बायका ऑपरेशनला मुंबईला लेकाकडे जातात. गणपतीआधी उरकून टाकू म्हणतात. टाके निघाले की गाडीत बसून गावी. रिपोर्ट यायला आठवडाभर लागतो, तोवर ही इथे मोदकाचं सारण करतेय! लेकाला कामातून सवड नाही. कागद तिकडेच पडून राहतो. आमच्या महिला मंडळात मी एकदा विचारलं, कुणाकुणाचं हे ऑपरेशन झालंय? बरेच हात वर आले. रिपोर्ट एकीकडेच निघाला. एका काकूंच्या सूनबाई तर म्हणाल्या, "बायोप्सी नको म्हटलं आम्ही, उगाच खर्च." बायोप्सी म्हटलं की कॅन्सर झालाच, असं वाटून लोक हे नावच टाळतात. अहो, बहुतेकींचा रिपोर्ट 'फक्त जुनी सूज' असाच येतो!

तेव्हा भरती होतानाच विचारा, "डॉक्टर, पिशवी तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट कधी, कुणाकडून घ्यायचा?" फोन नंबर लिहून ठेवा. जिचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि रिपोर्ट घ्यायचा राहिलाय, तिने दवाखान्यात फोन करावा.

रिपोर्टमध्ये काही निघालंच, तर घरात रडारड करण्यात दिवस घालवू नका. कॅन्सरच्या सर्जनकडे जा. आपल्याला परळचं टाटा आहेच. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर-चिपळूणमार्गे जाता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. जाताना ऑपरेशनचा कागद, सोनोग्राफी, रिपोर्ट तर न्याच. शिवाय लॅबमधून तपासणीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासून बघतात.