गार पाण्यातला पतंग

बडोद्यातील बालरोगतज्ज्ञाला उत्तरायणाची चाहूल पंचांगाआधी दवाखान्यात लागते. १४ जानेवारीच्या आसपास गच्चीवरून पडलेली, मांज्याने बोटे वा गळा कापलेली मुले यायचीच. पंचवीस वर्षे पतंगाची ही बाजू पाहिलेली असल्यामुळे, ग्लासगो येथे नोकरीस असलेल्या माझ्या कन्येने दूरध्वनीवर, "आई, मी हल्ली स्वतःला पतंगाला बांधून समुद्रात उतरते," असे सांगितले, तेव्हा पोटात गोळा आला. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा हा छंद प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. त्या दिवशी जे पाहिले, आणि त्यानिमित्ताने शरीरक्रियाशास्त्राची जी पाने पुन्हा उघडावी लागली, ते येथे मांडते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज द्वीपसमूहात टायरी नावाचे बेट आहे. ओबन बंदरातून बोटीने जवळपास चार तास लागतात. बेटाची लांबी सुमारे १९ किलोमीटर आणि वस्ती साडेसहाशेच्या आसपास. भूमी इतकी सपाट की गेलिक भाषेत तिला 'लाटांखालची भूमी' असे लाडके नाव आहे. झाडे जवळपास नाहीतच. त्यामुळे अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवणारे काहीही नाही. शुभ्र वाळू आणि हिरवेनिळे पाणी पाहून एखाद्या उष्ण देशात आल्याचा भास होतो. तो भास पाण्यात पाय घालेपर्यंतच टिकतो. मे महिन्यात तेथील समुद्राचे तापमान दहा-अकरा अंश सेल्सियस असते. बडोदे तेव्हा बेचाळीस अंशांवर भाजत होते!

या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. त्यातील कमानदार पतंगाच्या पुढच्या कडेत हवा भरलेली असते. फ्रान्समधील ब्रुनो व डोमिनिक लेगेनू या बंधूंनी अशा पतंगाचे पेटंट १९८४ साली घेतले. हवेमुळे तो पाण्यावर तरंगतो व पुन्हा उडवता येतो. वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्या खेळाडूच्या कंबरपट्ट्याला जोडलेल्या असतात आणि पायाखाली फळी असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. त्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरील जोर चौपट होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पतंग क्षणात सोडून देण्याची कळ कंबरेवर का असते, ते कळते. दुसरा नियम वाऱ्याच्या दिशेचा. किनाऱ्याला समांतर किंवा किनाऱ्याकडे तिरपा वाहणारा वारा चालतो; किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा कदापि नाही.

या दुसऱ्या नियमाचे मोल मला त्याच दुपारी कळले. गॉट बे या लांबलचक किनाऱ्यावर मी शाल गुंडाळून उभी होते. तीन-चारशे मीटरवर असताना वारा अचानक मंदावला, पतंग पाण्यावर पडला आणि काही केल्या उठेना. तिने दोऱ्या गुंडाळीत पतंग गाठला, त्याला धरून ती तरंगत राहिली आणि उरलेला मंद वारा तिला किनाऱ्याकडे ढकलू लागला. तिचा मित्र हातात भ्रमणध्वनी घेऊन तिच्यावरची नजर न हलवता उभा होता. पंचवीस मिनिटे लागली. अतिदक्षता विभागात अनेक पालकांना मी "धीर धरा" असे सांगितले आहे. त्या शब्दांचे वजन मला त्या पंचवीस मिनिटांत प्रथम कळले.

गार पाणी माणसाला थंडीने गारठवून मारते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पहिला धोका पहिल्या मिनिटाचा असतो. त्वचा एकाएकी गार होताच माणूस नकळत जोराचा श्वास आत ओढतो, धाप लागते, नाडी व रक्तदाब वाढतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर उत्तम पोहणाराही बुडतो. हा आघात दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तोवर हातपाय न मारता उताणे तरंगत राहावे. दुसरा टप्पा पुढच्या दहा-पंधरा मिनिटांचा. हातापायांचे स्नायू व नसा गार पडून बोटे निकामी होतात. कळ समोर असूनही दाबता येत नाही. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली जाणे हा तिसरा टप्पा, आणि त्याला प्रौढांमध्ये बहुधा अर्धा तास वा अधिक लागतो. कॅनडातील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फगार पाण्यासाठी हे सूत्र सोप्या आकड्यांत बांधले आहे: श्वास सावरायला एक मिनिट, उपयोगी हालचालीला दहा मिनिटे, शुद्ध हरपायला एक तास.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. कन्येच्या अंगातील पाच मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनच्या पोशाखात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात, ते ही गळती रोखतात. तरीही ती बाहेर आली तेव्हा शब्द अडखळत होते आणि कंबरपट्टा तिला स्वतः सोडता येईना. माझ्यातील आई तिचे हात चोळायला धावली. माझ्यातील डॉक्टरने तिला थांबवले. चोळू नये, मद्य देऊ नये, एकदम कढत पाण्यात बसवू नये. वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्यावे. बाहेर आल्यावरही आतील तापमान काही काळ उतरत राहते, म्हणून लगेच चालवू नये. अशक्त रुग्णाला आडवेच ठेवावे. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडून विचारले, "आई, तू इतकी गप्प का?" मला उत्तर सुचले नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे सारे अधिक वेगाने घडते, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. नवजात बाळाला आपण जन्मताच कोरडे करतो, ते याचसाठी. मात्र हीच शीतलता क्वचित मेंदूला तारते. १९८६ साली अमेरिकेतील यूटा राज्यात अडीच वर्षांची एक मुलगी बर्फगार ओढ्यात ६६ मिनिटे बुडून राहिली आणि तरीही वाचली. म्हणून अशा गारठलेल्या रुग्णाला ऊब दिल्याखेरीज मृत ठरवू नये, असा दंडक आहे.

आपल्या तळ्या-विहिरींच्या पाण्यात मात्र हे संरक्षण नाही. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे. बुडालेल्या मुलाला उलटे धरून वा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास चालत नसेल तर प्रथम तोंडाने कृत्रिम श्वास द्यावेत, मग छातीवर दाब, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेतील सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. ती दुपार बडोदेकर विसरलेले नाहीत.

टायरीच्या त्या निर्जन किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हता, मोठे रुग्णालय नव्हते. होता तो योग्य पोशाख, वाऱ्याचा नियम आणि नजर न हलवणारा एक सोबती. कन्येने खेळ सोडावा असे मी म्हटले नाही. एकटी उतरू नकोस, एवढेच म्हटले. आपल्या मुलांच्या पुढच्या सहलीत पाणी असेल, तर आपणही तीनच प्रश्न विचारू या. जाकीट प्रत्येकाच्या अंगात आहे का? नावेत माणसे किती? आणि काठावरून पाहणारा कोण?