फोनवरची ऑर्डर: नंबर नीट ऐका

लातूरच्या डाळ मिल असोत की नांदेडच्या जिनिंग मिल, ऐन हंगामात मशीन थांबलं की पहिला फोन जातो सुट्या भागांच्या वितरकाकडे. तो फोन उचलणाऱ्याला भागांच्या नंबरांची ही भाषा तोंडपाठ हवी.

• ६२०५ बेअरिंग: शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा, आतला व्यास २५ मिमी. ०४ पासून पुढे हाच हिशेब. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५ मिमी.

• ६३०५: शाफ्ट तोच २५ मिमीचा, पण बाहेरचा व्यास ६२. एक आकडा चुकला की माल परत आणि मिल बंदच.

• बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड की टूआरएस? पहिल्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबरी सील. डाळीच्या धुळीत टूआरएस बरं.

• सी३: बेअरिंगच्या आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, तापणाऱ्या मोटरसाठी.

• बी-५२ बेल्ट: बी सेक्शन, वरची रुंदी १७ मिमी, आतली लांबी ५२ इंच.

• हे विचाराच: कोणतं मशीन, किती नग, माल कुठे पोचवायचा. जुन्या भागाचा फोटो मागवा आणि फोन ठेवण्याआधी पूर्ण नंबर परत वाचून दाखवा.