दोप्पावरची कोयरी

रमजानचा अखेरचा अशरा सुरू झाला की ईदच्या कपड्यांची लगबग वाढते. चिचगडहून देवरीला, तिथून गोंदियाला खरेदीच्या फेऱ्या होतात. कापड निवडताना नजर असते रंगावर आणि किमतीवर. नक्षीकडे फारसे कुणी पाहत नाही. पण नक्षीलाही खानदान असते आणि तिचे नातलग फार लांब राहतात.

चीनच्या पश्चिम टोकाला, शिनजियांग प्रांतात उइगूर मुस्लीम राहतात. त्यांची भाषा तुर्की कुळातली, लिपी अरबी वळणाची. तिथले पुरुष 'दोप्पा' नावाची चौकोनी टोपी घालतात. 'बादाम दोप्पा'वर गडद कापडावर पांढऱ्या धाग्याने बदाम भरलेले असतात. चिचगडचा कुणी उमराहला गेला आणि मक्केच्या गर्दीत ही टोपी त्याला दिसली, तर ती परकी वाटणार नाही. वाकड्या टोकाचा तो बदाम म्हणजे आपली कोयरीच! साडीच्या पदरावरची, मेंदीतली, अंगणातल्या रांगोळीतली.

उइगूर स्त्रियांचे आवडते रेशमी कापड म्हणजे 'अतलस'. हा मूळ अरबी शब्द उर्दूत आहे, मराठीतही आहे. खोतान शहराच्या परिसरातले अतलस विशेष नावाजलेले. ताण्याचे धागे विणण्याआधीच ठिकठिकाणी घट्ट बांधून रंगवतात. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. विणल्यावर नक्षीच्या कडा किंचित पसरतात, पाण्यात हलणाऱ्या सावलीसारख्या. मध्य आशियात या कलेला 'अब्रबंदी' म्हणतात. फारसीत अब्र म्हणजे ढग. आपल्याकडचे पाटण पटोळे आणि पोचमपल्लीही धागे असेच बांधून, रंगवून विणतात.

महाराष्ट्रात या घराण्याचे जवळचे कापड म्हणजे औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मशरू. शरियतनुसार पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे. विणकरांनी त्यातून वाट काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. वीण अशी की रेशमाची झळाळी वर राहते आणि अंगाला सूत लागते. म्हणून नाव मशरू, म्हणजे शरियतला मान्य. त्याच शहरातल्या हिमरूतही सूत आणि रेशीम एकत्र नांदतात, आणि त्यावर कोयऱ्या व वेलबुट्ट्या उमटतात. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा विणकरही दख्खनेत आले, असे परंपरा सांगते.

गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूखही रेशमाला अनोळखी नाही. इथल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो. ढिवर समाजातली कुटुंबे ते किडे पाखरांपासून राखतात, कोष्टी विणकर त्या धाग्याची करवती काठाची साडी विणतात. करवतीच्या दात्यांसारखी तिची किनार असते. कोष्टी विणकर, हिमरूचे मुस्लीम कारागीर आणि खोतानचे उइगूर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण मागापुढे बसल्यावर सगळ्यांची भाषा एकच: ताणा आणि बाणा.

आज उइगूरांच्या घरात रमजान सुखाने येत नाही. रोजा, नमाज, दाढी, बुरखा यांवरच्या निर्बंधांच्या बातम्या अनेक वर्षे येत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2022 मध्ये अहवाल दिला की, तिथली मनमानी स्थानबद्धता मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोडू शकते. चीन हे आरोप फेटाळतो. उइगूर लोकपरंपरा, दर्गे आणि त्यांच्या कथा टिपून ठेवणाऱ्या प्राध्यापिका राहिले दावुत डिसेंबर 2017 मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचे 2023 मध्ये जगाला कळले. पर्यटकांसाठी अतलस दुकानात टांगलेले आहे. त्या लोकांची कहाणी लिहिणारी बाई मात्र तुरुंगात आहे.

आपल्याकडे अशी बंदी नाही. इथे हातमाग मागे पडला तो यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे, आणि आपल्या बेफिकिरीपुढे. हिमरूचे हातमाग आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कोसा विणणाऱ्या घरातली मुले दुसरे काम शोधतात. तिथे सांगणाऱ्याचे तोंड बंद केले आहे. इथे आजी-नानी सांगायला तयार आहेत, विचारणारा कुणी नाही. पेटीतल्या जुन्या शालूची, शेरवानीची वीण कोणती, ती कुठून आली, हे या रमजानमध्ये इफ्तारनंतर एकदा विचारून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. त्याला पैसा लागत नाही.