'कठीण' पाणी आणि मासा : एका विशेषणाचा अर्थविचार

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमाप्रदेशात आहे. या प्रदेशात पाण्याचे गुणदोष सांगणारी विशेषणे विपुल आहेत. मराठीत पाणी 'जड', 'मचूळ' किंवा 'खारे' असते. कन्नडात ते 'गडसु' किंवा 'सवळु' असते. शालेय पाठ्यपुस्तकांत तेच 'कठीण' अथवा 'दुष्फेन' होते. व्यवहारात ही विशेषणे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात आणि एरवी त्याने फारसे बिघडत नाही. परंतु घरी काचेच्या टाकीत प्रथमच मासे पाळू पाहणाऱ्या व्यक्तीने या शब्दांवर विसंबून पाण्यावर उपाय योजले, तर त्या गोंधळाची किंमत माशांना मोजावी लागते. म्हणून प्रत्येक शब्दामागे कोणती कसोटी आहे, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

'दुष्फेन' या शब्दाची कसोटी साबणाची आहे. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तेवढा साबण वाया जातो. काठिण्याच्या मापनाची एक आरंभीची रीतही हीच होती. टिकाऊ फेस येण्यास किती साबण लागतो, यावरून काठिण्य ठरविण्याची पद्धत टॉमस क्लार्क याने १८४१ मध्ये मांडली. 'जड' या शब्दाची कसोटी पचनाची व चुलीची आहे : जड पाणी बाधते आणि त्यात डाळ लवकर शिजत नाही. (पदार्थविज्ञानातील 'जड पाणी' हे हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचे असते, त्याचा येथे संबंध नाही.) 'मचूळ' व 'सवळु' यांची कसोटी जिभेची असून ते शब्द मुख्यतः खारटपणा सांगतात. 'कठीण' व 'गडसु' हे मात्र स्पर्शावरून आलेले लाक्षणिक शब्द आहेत. शास्त्रीय परिभाषेत 'काठिण्य' म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण होय.

हे प्रमाण दर लिटरला इतके मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, अशा रीतीने सांगतात. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत पुष्कळदा जर्मन अंश आढळतात. असा एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. अर्थात् माणसाला पिण्यास योग्य असलेले पाणी ११ अंशांचे असू शकते, तसेच ३३ अंशांचेही असू शकते. 'पिण्याचे पाणी आहे, म्हणजे माशांना चालेल' हे अनुमान त्यामुळे टिकत नाही.

अक्कलकोट तालुका दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकातील खनिजे झिजताना कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडे त्यात भर घालतात. त्यामुळे येथील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. बंबात बसणारा पांढरा थर ही त्याचीच खूण होय. तथापि दोन शेजारच्या विहिरींतही अंतर पडते. म्हणून अनुमानावर न थांबता परीक्षण-संचातील थेंब मोजून काठिण्य ठरविणे इष्ट.

माशाच्या दृष्टीने या प्रमाणाचे महत्त्व निराळे आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असतो. त्यामुळे पाणी सतत आत शिरते आणि क्षार बाहेर पाझरतात. मासा पातळ मूत्रावाटे जादा पाणी टाकतो व कल्ल्यांवाटे क्षार परत मिळवितो. पाण्यातील कॅल्शियममुळे कल्ल्यांची पाझर कमी होते. ज्या जाती कॅल्शियमयुक्त पाण्यात वाढल्या, त्यांना त्याचा अभाव सोसत नाही. रिओ नेग्रोसारख्या अत्यंत मृदू पाण्यातील कार्डिनल टेट्रासारख्या जातींची अंडी कठीण पाण्यात नीट उबत नाहीत.

येथे शब्दांची सरमिसळ तीन प्रकारे घातक ठरते. पहिला प्रकार 'मृदू' या शब्दाचा. घरगुती मृदुकारी यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडते. साबणाला फेस येतो, म्हणून पाणी 'सुफेन' होते. परंतु एकूण क्षार जवळजवळ तितकेच राहतात. धुणाऱ्याची कसोटी उतरते, माशाची उतरत नाही. दुसरा प्रकार 'खारे' या शब्दाचा. क्षार मोजण्याचे खिशातील यंत्र पाण्याची विद्युत्‌वाहकता पाहते. ते क्षार चुन्याचे की मिठाचे, हे त्याला कळत नाही. त्याच्या मोठ्या आकड्यावरून पाणी कठीणच आहे असे ठरत नाही, आणि मीठ घातल्याने मृदू पाणी कठीण होत नाही. तिसरा प्रकार काठिण्य व सामू यांच्या एकीकरणाचा. लिंबू अथवा व्हिनेगर घातल्याने सामू काही काळ उतरतो; पण पाण्यातील बायकार्बोनेट शिल्लक असेपर्यंत तो पुन्हा चढतो. हा चढउतार माशाला स्थिर काठिण्यापेक्षा अधिक जाचक होतो.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. नवशिक्याने माशासाठी पाणी न बदलता पाण्याजोगा मासा निवडावा. कठीण पाणी मानवणाऱ्या जातींची वाण नाही. मध्य अमेरिका व मेक्सिकोकडील मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे मासे अशा पाण्यात सुखाने नांदतात. गप्पी तर महाराष्ट्राला परिचित आहे. डासांच्या अळ्यांच्या नाशासाठी आरोग्य खाते तो साठलेल्या पाण्यात सोडीत आले आहे. मात्र टाकीतील गप्पी ओढ्यात अथवा तळ्यात सोडू नये. तो परदेशी असून स्थानिक माशांना उपद्रव देतो. टांगानिका सरोवराचे पाणी सुमारे ९ सामूचे असते. तेथील सिक्लिड मासेही कठीण पाण्यात राहतात, पण ते अनुभवी पालकासाठीच.

कोणाला मृदू पाण्यातील मासे हवेच असतील, तर मिश्रणाचा मार्ग आहे. समजा, विहिरीचे पाणी ३६० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २० अंशांचे आहे. त्याच्या एका भागात पावसाच्या पाण्याचे तीन भाग मिसळले, तर ९० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ अंश उरतात. परंतु दर आठवड्याचे पाणीही त्याच मापाचे लागते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात वर्षभर पावसाचे पाणी साठविणे सोपे नाही. शुद्धीकरण यंत्र वापरावे, तर ते पुष्कळ पाणी टाकून देते. जेथे उन्हाळ्यात घागरीचा हिशेब ठेवावा लागतो, तेथे हा खर्च छंदासाठी करावा काय, हा विवेकाचा प्रश्न आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. नव्या टाकीतील मृत्यूंचा दोष पुष्कळदा कठीण पाण्याला दिला जातो. वस्तुतः अपराधी अमोनिया असतो. त्याचे विघटन करणारे जीवाणू टाकीत रुजण्यास काही आठवडे लागतात. २५ अंश सेल्सियस तापमानाला ७ सामू असता एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के विषारी रूपात असतो. ८ सामूला तो ५ टक्क्यांहून अधिक होतो. या भागातील कठीण पाण्याचा सामूही बहुधा चढा असल्यामुळे मासे थोडे आणावेत, अन्न बेताने घालावे आणि पाणी वारंवार अंशतः बदलावे.

'दुष्फेन' हा शब्द परटाच्या घाटावर, 'जड' चुलीपाशी आणि 'मचूळ' पाणवठ्यावर अचूक आहे. त्यांपैकी एकही टाळण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, एका कसोटीचा निवाडा दुसऱ्या कसोटीला लागू करता येत नाही. मैंदर्गीच्या विहिरीचे पाणी साबणाला प्रतिकूल असले, तरी मॉलीला ते अनुकूल असू शकते.