६४० केबीची हद्द आणि गळालेला हातचा

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. त्याची रजिस्टर्स १६ बिटांची, म्हणजे एकेकात ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावत. मेमरीचा पत्ता तेवढ्यावरच सांगायचा तर ६४ केबीपुढे जाताच आले नसते. चिपला पत्त्याच्या तारा मात्र २० होत्या, आणि २० तारांवर १०,४८,५७६ पत्ते देता येतात. हीच एक एमबी.

मग १६ बिटांतून २० बिटांचा पत्ता कसा काढायचा? इंटेलने तो दोन आकड्यांत विभागला: सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला १६ने गुणायचे आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. सेगमेंट ४०,९६० आणि ऑफसेट ० घेतला तर पत्ता येतो ६,५५,३६०. इथे बरोबर ६४० केबी संपतात. त्यावरची ३८४ केबी जागा आयबीएमने पडद्याची मेमरी, जोडकार्डे आणि बायोससाठी राखून ठेवली. या मर्यादेचे खापर डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवर फोडले जाते, ते मला पटत नाही. ती यंत्राच्या नकाशातच आखलेली होती.

आता याच गणिताची खरी गंमत पाहा. सेगमेंट आणि ऑफसेट दोन्ही ६५,५३५ घ्या. बेरीज ११,१४,०९५, म्हणजे एक एमबीच्या बाहेर. पण ८०८८ला एकविसावी तारच नाही. त्यामुळे हातचा गळून जाई आणि पत्ता मेमरीच्या सुरुवातीला, ६५,५१९वर येऊन पडे. काही प्रोग्रॅम याच वागण्यावर विसंबून लिहिलेले होते.

१९८४च्या पीसी-एटीत ८०२८६ आला, २४ तारांचा. आता हातचा टिकू लागला आणि तसे प्रोग्रॅम भलत्याच जागी जाऊन पोचले असते. म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेवर फाटक बसवले. तारांची मोजणी शून्यापासून, म्हणून तिचे नाव ए-२०. फाटकाची उघडझाप कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे सोपवली. जुन्या प्रोग्रॅमांसाठी घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते.

फाटक उघडले की रिअल मोडमध्येच, म्हणजे प्रोसेसर ८०८८सारखा वागत असतानाच, एक एमबीच्या वरचे ६५,५२० बाइट हाताशी येत. १९९१च्या एमएस-डॉस ५ने त्यांचा उपयोग केला. कॉन्फिग-सिस फाइलीत हायमेम-सिस ड्रायव्हरची ओळ आणि 'डॉस=हाय' लिहिले की डॉसचा बराच भाग तिकडे हले आणि खालची जागा प्रोग्रॅमांना मोकळी होई. एका वेळी ही जागा एकालाच वापरता येई. डॉस तिथे गेला की इतरांना ती मिळत नसे.