श्वासाची हजेरी

म्हैसूर शहराच्या वायव्येस, कृष्णराजसागराच्या वाटेवर वसलेले हेब्बाळ हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते; आज त्याची ओळख औद्योगिक वसाहत म्हणून आहे आणि इन्फोसिसच्या विस्तीर्ण विद्यासंकुलामुळे त्याचे नाव देशभरच्या तरुण अभियंत्यांच्या तोंडी झाले आहे. पहाट सरते न सरते तोच येथील रस्त्यांवर परिवहन निगमाच्या आणि कारखान्यांनी ठेक्याने घेतलेल्या बसगाड्यांची वर्दळ सुरू होते. हासनकडे जाणारा लोहमार्गही येथून फार दूर नाही. या वाहनांतून जाणारा मनुष्य ज्याचे मुखही त्याने कधी पाहिलेले नसते अशा चालकाच्या स्वाधीन आपला देह निःशंकपणे करतो आणि वर्तमानपत्र उघडून बसतो. ही निःशंकता सर्वस्वी भोळेपणाची नाही. त्या चालकाने कामावर रुजू होण्यापूर्वी मद्य घेतले होते किंवा काय, हा प्रश्न प्रवाशाच्या वतीने विचारणारी एक व्यवस्था अस्तित्वात आहे. ती बहुतेकांच्या दृष्टीआड असते, आणि तिचाच परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

म्हैसूर हे २००३ साली स्थापन झालेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेच्या तीन विभागांपैकी एकाचे मुख्य ठाणे. लोको पायलट, त्याचा सहायक, आणि ज्याला आपण अजून गार्डच म्हणतो पण २०२२पासून ज्याचा हुद्दा ट्रेन मॅनेजर असा झाला आहे तो इसम, हे तिघेही थेट गाडीवर जात नाहीत. आधी त्यांना ‘लॉबी’त हजर व्हावे लागते. लॉबी म्हणजे रनिंग स्टाफची कचेरी. पूर्वी येथे जाडजूड वह्या असत, आता संगणक आहे. त्याच्यापुढे कर्मचाऱ्याची ओळख पटते, वाटेतील वेगमर्यादांचे हुकूम वाचल्याची नोंद होते, आणि मग तो एका नळीत फुंकर घालतो. आकडा शून्य आला म्हणजे ‘साइन ऑन’ पुरे झाले. कामगिरी संपवून परतल्यावर ‘साइन ऑफ’च्या वेळी पुन्हा तोच विधी. सही करून हजेरी लावण्याचा शिरस्ता सरकारी दप्तरांत फार जुना आहे; पण सही हाताची असते, आणि ही हजेरी श्वासाची आहे.

श्वासावरून मद्याचा माग काढण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील वैद्यांनाही सुचली होती. तिला व्यवहारोपयोगी रूप दिले ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे रसायनज्ञ रोला हार्गर यांनी. १९३०नंतरच्या दशकात त्यांनी ‘ड्रंकोमीटर’ सिद्ध केला. त्यात फुग्यात भरलेला श्वास पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडीत, आणि रंग उडण्यास किती श्वास लागला यावरून हिशेब मांडीत. पुढे १९५४ साली त्याच प्रांतातील पोलीस खात्यात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी अधिक सुटसुटीत ‘ब्रेथलायझर’ बनवला. त्यातील डायक्रोमेटचे पिवळे द्रावण मद्याच्या स्पर्शाने हिरवट होत असे. आजच्या यंत्रांत रंग नाही. विद्युत-रासायनिक घटातील प्लॅटिनमच्या पत्र्यावर मद्याचे ॲसेटिक आम्लात रूपांतर होते, त्या क्रियेत क्षीणसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि प्रवाहाच्या मानाने मद्याचे प्रमाण ठरते. या घटावर चालणारे हातात मावणारे यंत्र प्रचारात आणण्याचे श्रेय वेल्समधील टॉम पॅरी जोन्स यांना दिले जाते. फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि वायू यांची जेथे गाठ पडते तेथील २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे मद्य असते, तेवढे सुमारे एका मिलिलिटर रक्तात असते, असे गृहीत धरून यंत्र श्वासावरून रक्ताचे अनुमान करते. अनुमान हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. हे गुणोत्तर माणसागणिक, किंबहुना एकाच माणसाच्या ठायी वेळेगणिक बदलते. कायद्याला एक आकडा हवा असतो, म्हणून त्याने एक आकडा पत्करला आहे.

यंत्राला हवा असतो तो फुप्फुसाच्या तळचा श्वास. त्याला मिळतो तो मात्र मुखावाटे, आणि मुखात काय काय असेल याचा नेम नाही. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे यांत आंबवणामुळे स्वाभाविकपणेच मद्य उत्पन्न होते. द्राक्षासवाचे दोन चमचे घेऊन तत्काळ नळी तोंडाला लावणारा कर्मचारी यंत्राच्या लेखी मद्यपीच ठरेल. होमिओपथीचे अर्क, खोकल्याची काही औषधे, गुळण्यांची द्रावणे यांचीही गत तीच. याचा सर्वांत रोचक दाखला केरळातला आहे, आणि केरळच्या सरकारी बसगाड्या म्हैसूरच्या स्थानकात नित्य येत असल्यामुळे तो येथे परका वाटण्याचे कारण नाही. २०२५च्या जुलैत पत्तनंतिट्टा जिल्ह्यातील पंदळम आगारात काही चालक सकाळच्या तपासणीत दोषी ठरले. आपण थेंबही घेतलेला नाही, अशी कैफियत त्यांनी मांडली. चौकशीअंती संशय गेला तो आगारात वाटून खाल्लेल्या अतिपक्व फणसाच्या गऱ्यांवर. मग, आपल्या नोकरशाहीच्या इतिहासात क्वचितच दिसणारी शास्त्रीय वृत्ती दाखवून, ज्याची तपासणी निर्दोष निघाली होती त्याला फणस खाऊ घालून पुन्हा फुंकायला लावण्यात आले, आणि यंत्राने त्यालाही दोषी ठरवले. चालक सुटले; फणस मात्र आगारातून हद्दपार झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने उलट वाट धरली होती: काही फळे, शहाळ्याचे पाणी, शीतपेये आणि होमिओपथीची औषधे कामगिरीच्या सुमारास घेऊ नयेत, असे फर्मानच काढले, आणि टीका होताच ते मागे घेतले.

या दोन प्रसंगांत मला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. यंत्र दोन्हीकडे एकाच जातीचे होते. एका ठिकाणी यंत्राची परीक्षा झाली, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या आहारावर बंदी आली. तोंडातले मद्य पंधरा-वीस मिनिटांत विरते, पोटातून रक्तात गेलेले तासन्‌तास रेंगाळते. म्हणून साध्या पाण्याने चूळ भरवून, पंधरा मिनिटे डोळ्यांसमोर बसवून, यंत्र आधी रिकाम्या हवेवर शून्य दाखवते याची खात्री करून, दुसरी फुंकर साक्षीदारासमक्ष घेणे, हा ज्ञात आणि फुकटचा उपाय आहे. ही पंधरा मिनिटे ज्या कचेरीत पाळली जातात तेथे इन्साफ आहे. जेथे गाडी सुटण्याच्या घाईत ती गाळली जातात तेथे केवळ आकडा आहे. नळी नवी होती का, यंत्राचे मापशोधन कधी झाले, छापील पट्टीवर कोणाच्या सह्या आहेत, या नीरस तपशिलांवरच एखाद्याची वीस वर्षांची नोकरी तरते किंवा बुडते.

कायद्याची भाषा याहून सोपी आहे. १९८९च्या रेल्वे अधिनियमाचे १७२वे कलम कामगिरीवर नशेत असलेल्या सेवकास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगते, आणि त्यामुळे प्रवाशांच्या जिवास धोका संभवत असेल तर एक वर्षापर्यंत कैद. गाड्यांच्या चलनवलनाशी साक्षात संबंध असलेल्याने कामापूर्वी आठ तास मद्य अगर मादक द्रव्य घेता कामा नये, असा रेल्वेचा सामान्य नियम आहे. वैमानिकासाठी ही मुदत बारा तासांची. आणि रस्त्यावरील चालकासाठी १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही सीमा घातली आहे. महाराष्ट्राला हा विषय त्याआधीपासून परिचित आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने रक्ततपासणी आणि रासायनिक विश्लेषकाचा दाखला कोर्टात आणला. आणि मुंबईतल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात, तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ठरवले. वरिष्ठाने वास घ्यावा आणि शेरा मारावा, या जुन्या पद्धतीपेक्षा यंत्र कर्मचाऱ्याच्या हिताचेच आहे. वरिष्ठाच्या नाकाविरुद्ध अपील कोठे करणार?

मद्याखेरीज इतर मादक द्रव्यांचे प्रकरण निराळे आणि अधिक अवघड आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२२च्या जानेवारीअखेरपासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी मूत्राच्या यादृच्छिक तपासण्या सुरू केल्या. त्यात गांजा, अफूची द्रव्ये, कोकेन, ॲम्फेटामाइन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन यांचा शोध घेतात. श्वास आत्ताची गोष्ट सांगतो. मूत्र मागच्या आठवड्याची. गांजाचे अवशेष नियमित सेवन करणाऱ्याच्या मूत्रात काही आठवडेही सापडतात, तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. शिवाय १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने भांगेच्या पानांना गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. परंतु प्रयोगशाळेला पान आणि फूल यांतला कायदेशीर भेद कळत नाही, आणि महाशिवरात्रीचा प्रसाद तिला सबब म्हणून पटत नाही. म्हैसूर प्रांतात सणासुदीला होणाऱ्या गसगसे पायसातील खसखस हीदेखील अफूच्याच झाडाची. असल्या भ्रांतीमुळे अमेरिकेला १९९८ साली अफूजन्य द्रव्यांची सीमा ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २००० वर न्यावी लागली.

अमेरिकेचा उल्लेख आला तो सकारण. १९८७च्या जानेवारीत मेरीलँडमधील चेस येथे गांजा ओढलेल्या कर्मचाऱ्यांनी तांबडा सिग्नल ओलांडून नेलेल्या इंजिनांवर प्रवासी गाडी आदळून सोळा माणसे मेली. १९९१च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मद्यधुंद चालकाने पाच बळी घेतले. आणि त्याच वर्षी संसदेने वाहतूक कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा सर्वंकष कायदा केला. तेथील पद्धत आपल्या नेमकी उलट आहे. आपण लॉबीत सर्वांना, रोज, ठरल्या वेळी, बहुधा केवळ मद्यासाठी तपासतो. ते चिठ्ठी निघेल त्याला, अवचित, मद्य आणि अमली द्रव्ये दोन्हींसाठी तपासतात. रोजची तपासणी निष्काळजी माणसाला अडवते, पण धूर्त माणसाला वेळापत्रक देते. तेथे मूत्राचा नमुना दोन कुप्यांत विभागून मोहोरबंद होतो, म्हणजे पहिलीचा निकाल अमान्य असेल तर दुसरी वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते. आणि प्रयोगशाळेचा होकार थेट मालकाकडे न जाता एका स्वतंत्र वैद्याकडे जातो, जो आधी कर्मचाऱ्याला फोन करून विचारतो की, बाबा रे, एखाद्या डॉक्टरने लिहून दिलेले औषध तर चालू नाही ना? या एका प्रश्नासाठी मी त्या व्यवस्थेचा बाकीचा कडवटपणा माफ करायला तयार आहे.

आणि दोषी ठरलेला खरोखरच दोषी असेल तर? आपल्याकडे निलंबन, खातेनिहाय चौकशी, वेतनवाढ रोखणे, बडतर्फी या पायऱ्या सर्वांना पाठ असतात. वर येण्याच्या पायऱ्यांविषयी मात्र परिपत्रके अल्पाक्षरी असतात. अमेरिकी नियमानुसार कामावर परतू पाहणाऱ्याला व्यसनोपचार-तज्ज्ञाने सांगितलेला उपचार पुरा करावा लागतो, निर्दोष तपासणी द्यावी लागते, आणि नंतरच्या पहिल्या वर्षात किमान सहा अवचित तपासण्यांना सामोरे जावे लागते. परत घ्यायचे की नाही हा निर्णय तेथेही मालकाचाच असतो. परंतु वाट आखलेली असते. आपल्याकडे ही वाट आखणारे नाहीत असे नव्हे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, बेंगळुरूला निम्हान्समध्ये व्यसनचिकित्सेचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि म्हैसूरहून बेंगळुरू म्हणजे रेल्वेने अडीच-तीन तासांचा प्रवास. मग यंत्रखरेदीच्या निविदेत नळ्या आणि मापशोधनाबरोबर या उपचाराच्या खर्चाचीही एक बाब का असू नये, आणि रात्रपाळी करून आलेल्या, शून्य आकडा दाखवणाऱ्या, पण झोपेने डोळे मिटत असलेल्या चालकाला ‘आज मला गाडी देऊ नका’ असे पगार न गमावता सांगता येईल असा एक रकाना त्याच संगणकाच्या पडद्यावर का असू नये, हे प्रश्न लॉबीतल्या बाकावर बसलेली माणसे एकमेकांना विचारीत असतात. ते साहेबांच्या टेबलापर्यंत लेखी पोहोचले पाहिजेत.