कांचघरच्या गच्चीवरून सूर्यास्त

दिवाळीच्या सुट्टीत मी जबलपूरला आजोळी गेलो होतो. आजोळचे घर कांचघर भागात आहे. आजोबा तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत हीट ट्रीटमेंटच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून सूर्यास्त बघायचा, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि जिना बंद झाला. म्हणून मामाचा जुना डीएसएलआर कॅमेरा घेऊन मी ठरवले की गच्चीवरचा सूर्यास्त खाली आणून द्यायचा. सोपे वाटले होते.

पहिल्या दिवशी मी गच्चीवर पोचलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. आपल्याकडे नोव्हेंबरात गेम्सची शिट्टी होते तेव्हा सहाला थोडा वेळ असतो आणि सूर्य अजून ग्राउंडच्या कडेला दिसत असतो. त्याच हिशेबाने मी पावणेसहाला वर गेलो. पण आपली शाळा सुमारे 74 अंश पूर्व रेखांशावर, तर जबलपूर जवळजवळ 80 अंशावर. एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे इथेच 24 मिनिटे गेली. शिवाय जबलपूर आपल्यापेक्षा उत्तरेला असल्याने थंडीतला दिवस तिथे थोडा लहान. घड्याळ सगळ्या देशाचे एकच, सूर्य मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो.

दुसऱ्या दिवशी मॅप रीडिंगमध्ये शिकवलेली मूठ कामाला आली. हात सरळ पुढे केला की मूठ साधारण 10 अंश झाकते. सूर्य क्षितिजाच्या वर एक मूठ असेल तर पाऊण तास हातात आहे. पण एकदा तो टेकला की अडीच मिनिटांत संपूर्ण नाहीसा होतो, म्हणून फोटोत काय घ्यायचे हे त्या पाऊण तासातच ठरवायला हवे. (दुर्बिणीतून किंवा डीएसएलआरच्या डोळा लावायच्या खिडकीतून सूर्याकडे टक लावून बघू नका. मागचा स्क्रीन वापरा.)

पहिले फोटो बघून मी खट्टू झालो. डोळ्यांना केवढा मोठा दिसणारा सूर्य फोटोत टिकलीएवढा! कारण सूर्य आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. माझ्या 18-55 लेन्सला 18 वर आडवे सुमारे 66 अंश दिसतात, म्हणजे सूर्य रुंदीच्या सव्वाशेव्या भागाएवढा. 55 वर पूर्ण झूम केले तरी पंचेचाळिसावा भाग. तेव्हा सूर्य हा फोटोचा विषय होऊच शकत नाही, हे मी मान्य केले. विषय म्हणजे त्याच्यापुढे जे उभे आहे ते. कांचघरच्या गच्चीवरून समोर दिसतात गच्च्या, तारा, विजेचा खांब, शेजारच्यांची काळी प्लॅस्टिकची टाकी. फोटोत या सगळ्यांच्या काळ्या आकृत्या होतात, आणि काळी आकृती नुसत्या कडेवरून ओळखता आली पाहिजे. दोन वस्तू एकमेकींवर आल्या की नुसता गोळा दिसतो. मी दोन पावले डावीकडे सरकलो तेव्हा खांब आणि टाकी वेगळे झाले. मला वाटते, रचना म्हणजे बहुतेक वेळा एवढेच असते, दोन पावले सरकणे. पुस्तकात फोटोचे तीन भाग करून क्षितिज एका रेषेवर ठेवायला सांगतात, तेही मी केले. आकाश चांगले होते म्हणून त्याला दोन भाग दिले.

उजेडाचे गणित मात्र कॅमेऱ्यावर सोडून चालत नाही. कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी करायला बघतो. गच्च्या काळ्या दिसल्या की तो फोटो उजळवतो आणि आकाश पांढरे फटक पडते. म्हणून उजेड सूर्याच्या शेजारच्या आकाशावर मोजायचा, सूर्यावर नाही, आणि एक स्टॉप कमी करायचा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर संध्याकाळचा तांबूसपणा ही चूक आहे असे समजून कॅमेरा तो कमी करतो. तो उन्हाच्या चिन्हावर ठेवावा.

त्या रात्री मामाच्या लॅपटॉपवर मी फोटो 'सुधारला'. सॅच्युरेशन खूप वाढवले, आणि टाकी कुरूप दिसते म्हणून पुसून टाकली. अभिमानाने आजोबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितले आणि आधी काळजीने विचारले, "शेजारची टाकी पडली का रे?" मग म्हणाले, "आणि हा रंग कुठला? सूर्याभोवती ही पिवळी टिकली कशाला?"

आजोबांना रंगातले कळते. भट्टीतल्या लोखंडाच्या रंगावरून तापमान ओळखण्यात त्यांची नोकरी गेली. चेरीसारखा लाल म्हणजे साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअस, नारिंगी म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. त्यांनी दाखवलेली टिकली खरीच होती. स्क्रीनवर प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा रंग 0 ते 255 मध्ये मोजतात. सूर्याजवळच्या नारिंगीत लाल आधीच 255 ला टेकलेला असतो. आपण आणखी ढकलले की लाल वाढू शकत नाही, हिरवा मात्र वाढतो, आणि नारिंगीचा पिवळा होतो, तोही कडेला रेघ पाडून.

मी सगळे पुसून पुन्हा सुरुवात केली. सुदैवाने फोटो रॉमध्ये काढले होते, त्यामुळे मूळ माहिती शाबूत होती. आधी विजेच्या खांबाच्या आधाराने फोटो सरळ केला, कारण शहराच्या गच्चीवरून सपाट क्षितिज मिळत नाही. हायलाइट्स थोडे उतरवले. शॅडोज जवळपास हलवलेच नाहीत. काळ्या गच्च्या उजळल्या की त्यात रंगीत दाणे दिसू लागतात, आणि संध्याकाळी गच्ची काळी दिसते ती दिसू द्यावी. सॅच्युरेशनला हातच लावला नाही.

आजोबा म्हणाले, "हा बरा आहे. पण तू सूर्य गेल्यावर लगेच खाली आलास ना? खरा रंग नंतर असतो." हे मला माहीत नव्हते. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी उंचावरच्या ढगांना त्याचा उजेड मिळतच असतो, आणि तो उजेड हवेच्या जाड थरातून आल्यामुळे निळा वाटेत विखुरतो आणि लाल उरतो. तिसऱ्या दिवशी मी आणखी पंचवीस मिनिटे थांबलो. उजेड इतका उतरला की हातात धरून फोटो हलू लागला. आजीकडून तुरीच्या डाळीची पिशवी आणली, कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा बसवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. आजीची अट एकच होती, पिशवी फुटता कामा नये.

त्याच फोटोची प्रिंट काढली. पहिली फार काळी आली. स्क्रीन स्वतः उजळतो, कागद नाही, आणि माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण होता. तो निम्मा करून फोटो पुन्हा जुळवला, तेव्हा दुसरी प्रिंट जमली. आजोबांनी ती ट्यूबलाइटखाली नको म्हणून सकाळी खिडकीपाशी नेऊन बघितली. टाकीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "आहे."

आता मे महिन्याची तयारी. नोव्हेंबरात कंपासवर सूर्य 252 अंशांच्या जवळ मावळत होता. मे महिन्याच्या मध्यावर तो 290 वर असेल, म्हणजे टाकीच्या उजवीकडे जवळपास चार मुठी, शेजारच्या कडुलिंबामागे. वेळ पावणेसात. आजोबांनी खुर्चीची जागा सांगून ठेवली आहे.